परवानगी दहापर्यंतची

आमच्या गावात मोठ्यानं काही करायचं असलं की माझी सही लागते. वरात, बारसं, जयंती, भागवत सप्ताह, श्रावणातली कावड, आणि एकदा तर एकानं नवा ट्रॅक्टर आणला त्याची मिरवणूक. माइक म्हटला की माणूस कागद घेऊन आमच्या ओसरीवर हजर. मी गावची पोलीस पाटील. जागा बायांसाठी राखीव निघाली तेव्हा गावात शिकलेल्या सुना तीन होत्या. एक बाळंतपणाला माहेरी गेलेली, दुसरीच्या नवऱ्यानं अर्ज भरू दिला नाही, उरले मी. परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि गावाची कायदा-सुव्यवस्था माझ्या पदरात येऊन पडली.

लोकांना वाटतं पोलीस पाटील म्हणजे चोर पकडत असेल. इतक्या वर्षांत मी एकच चोर पकडला, बकरीचा, आणि तो बकरीवाल्याचाच साळा निघाला. मग दोघांनी मिळून मलाच शिव्या घातल्या. बाकी सगळी नोकरी आवाजाची. कोण, किती वाजता, किती मोठ्यानं ओरडणार याचा अहवाल लिहायचा आणि खाली शिक्का मारायचा.

परवानगीचं काम तसं सोपं आहे, म्हणजे कोणालाच समजत नाही इतकं सोपं. आधी ठाणेदार साहेबांच्या नावानं अर्ज. त्याला ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र, साउंडवाल्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स, आयोजकांचं हमीपत्र, आणि सगळ्यात शेवटी माझा अहवाल, की या कार्यक्रमानं गावात काही तंटा होणार नाही. हे सगळे कागद आमच्या इकडच्या मालेगावच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये एकच नमुना आहे. तो नाव आणि तारीख बदलतो, बाकी मजकूर तोच. त्यामुळे आमच्याकडे पहिल्यांदा होणारा कार्यक्रमसुद्धा 'दरवर्षीप्रमाणे याही वर्षी' होतो. एका म्हाताऱ्याच्या तेरवीच्या भजनाचा अर्ज आला, त्यात लिहिलेलं, 'सदर आनंदाच्या प्रसंगी मिरवणूक काढण्यात येणार नाही.' मी म्हटलं, हे काय रे? म्हाताऱ्याचा पोरगा म्हणाला, "मंग? नाईच काढून राह्यलो ना मिरवणूक." त्याचंही खरंच होतं. मी सही केली.

हमीपत्राची तर वेगळीच मजा. 'ध्वनिक्षेपकाचा आवाज कार्यक्रमस्थळापुरता मर्यादित ठेवू.' अहो, आवाज मंडपातच ठेवायचा तर माइक लावायचा कायले? मंडपातले लोक तर मंडपातच बसलेले आहेत! माइक लावतात तो शेतात पाणी सोडून ओलित करणाऱ्याला ऐकू जावा म्हणून, रुसून न आलेल्या भावकीला ऐकू जावा म्हणून, आणि शेजारच्या गावाला ऐकू जावा म्हणून. विशेष करून शेजारच्या गावाला. पण हमीपत्रावर सगळे सह्या करतात, अंगठेही देतात, आणि मग झाडावर चढून भोंग्याचं तोंड शेजारच्या गावाकडे वळवतात.

आवाज मोजायचा प्रकारही एकदा झाला. ठाण्यातले एक जमादार मोबाईलमध्ये आवाज मोजायचं ॲप घेऊन आले. वस्तीत दिवसा पंचावन्नच्या आत पाहिजे म्हणाले. साउंडवाला अजून वायरच सोडत होता, माइक पेटीतून बाहेर निघाला नव्हता, आणि मोबाईलचा आकडा सत्तरच्या वर. पाहते तर पिठाची चक्की चालू, कडुनिंबावर कावळ्यांचं भांडण, आणि नळ आला म्हणून हंडे घेतलेल्या बायांचं त्याहून मोठं. जमादार मला म्हणाले, "ताई, यांची परवानगी आहे का?" मी म्हटलं, "कावळ्याईची हाय, बायाईची नाई." ते हसले, मीही हसले. तेव्हा हसले खरी.

नियम रात्री दहाचा. दहानंतर माइक बंद म्हणजे बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस कलेक्टर साहेब बाराची सूट देतात, पण आमच्या गावच्या भजनाचा दिवस त्या यादीत कधी आला नाही. तरी गाव दहाला कधी गप्प झालं नाही, कारण कायद्याच्या वर आमच्याकडे एक शब्द आहे, 'चालते.' सव्वादहा? चालते. साडेदहा? आता आरतीच तं राह्यली, चालते. मीही चालवलं. गावच्या पुरुषांच्या भजनी मंडळाला मी एका साली पावणेबारापर्यंत गाऊ दिलं, आणि कार्यक्रम वेळेत संपल्याचा अहवाल त्याच दिवशी दुपारी चार वाजता लिहून ठेवला होता. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढचं वाचताना ध्यानात ठेवा.

मग माझ्या मोठ्या जावेच्या पोराचं लग्न झालं. वरात दारात आली तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वीस मिनिटं! दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी घड्याळाचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'पाटलीणबाईच्या घरचं घड्याळ बंद पडलं वाटते.' त्याच्याखाली एकेचाळीस हसणारी तोंडं. मी मोजली. माझ्याच कृपेनं पावणेबारापर्यंत टाळ कुटणारेसुद्धा त्यात दात काढून होते. माझा जो संताप झाला म्हणता! दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तेव्हाच मनाशी ठरवलं, आता घरच्या माणसाला एक मिनिट वर देणार नाही. बाकीच्यांचं काय करायचं ते मात्र ठरवलं नाही. रागात एवढं कुठे सुचतं?

आता माझ्या मोठ्या जावेबद्दल सांगायला पाहिजे, कारण ही सगळी गोष्ट तिची आहे. तिला मी बाई म्हणते. मी परीक्षेचा अभ्यास करत होते तेव्हा माझी दोन्ही पोरं तिनं सांभाळली. मला ठाण्यातून बोलावणं आलं की माझ्या वाटणीचा स्वयंपाक ती करते आणि वरून म्हणते, "जाय, गाव सांभाळ." टोमणा मारते, पण भाकरी झाकून ठेवते.

बाई गाते. कुठे गाते? चुलीपाशी, गोठ्यात, निंदताना, सोयाबीन सोंगताना. तिच्या माहेरी, धनजला, तिचा भाऊ भजनात होता. घरात तालीम चालायची ती दाराआडून ऐकून ऐकून शिकली. दाराआड उभं राहायला कोणी ना म्हणत नव्हतं, पारावर बसायची सोय नव्हती. लग्न होऊन आमच्याकडे आली तर सासऱ्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, आपल्या घरची सून माइकवर गात नसते. आमच्या सासऱ्यांनी एकदा सांगितलं की सांगितलं. ते गेले तोवर बाईची पन्नाशी उलटली होती.

एकदा आम्ही दोघी खळ्यात तूर झोडत होतो. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मले एकडाव माहा आवाज भोंग्यातून ऐकाचा हाये वं."

"मंग?"

"मंग काई नाई. कुठलोक जाते थे पाहाचं हाये. सारा जनम चुलीपाशी गाण्यात गेला, आपला आवाज कितीक दूर जाते हे समजलंच नाई कधी."

मी हसण्यावारी नेलं. ती पण हसली आणि पुन्हा तूर झोडायला लागली.

आमच्या गावात संक्रांतीनंतर शाळेच्या पटांगणावर खंजरी भजनाची स्पर्धा असते. आजूबाजूच्या गावांची दहा-अकरा मंडळं येतात. त्या साली आमच्या गावचं पुरुषांचं मंडळ फुटलं. कारण काय, तर पेटी कोणाच्या घरी ठेवायची. शेवटी पेटी एकाच्या घरी राहिली आणि तिचा भाता दुसऱ्यानं नेला. आता स्पर्धा आपल्या गावात आणि आपल्याच गावचं मंडळ नाही, म्हणजे गावाचं नाकच गेलं. कमिटीतले लोक तोंड पाडून आमच्या ओसरीवर बसलेले. बाई चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता बोलली, "आमी गाऊ काय?"

सगळे कपात फुंकर मारायला लागले. मग एक जण म्हणाला, "गाऊ द्या, गावाचं नाव तरी लागते." झालं, बायांचं मंडळ ठरलं. आठ जणी. नंबर अर्थातच शेवटचा. ती आमच्याकडची जुनी रीतच आहे. पाहुणे मंडळी आधी गातात, यजमान गावाचं मंडळ सगळ्यात मागून. जेवणाच्या पंगतीसारखंच, घरचे शेवटी.

दोन महिने दुपारच्या वेळी आमच्या ओसरीवर तालीम चालली. बाईनं गळ्यासाठी ठेचा सोडला, लोणचं सोडलं, ताक सोडलं, माठातलं पाणीसुद्धा सोडलं. ठेच्याशिवाय भाकरी न खाणारी बाई ती! पोरानं तिला मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवतो म्हटलं तर नको म्हणाली. "त्याच्यात मुंगी बोलल्यावाणी येते. मले भोंग्यातूनच ऐकाचा हाये." आणि रोज संध्याकाळी मी ठाण्यातून किंवा तहसिलीतून घरी आले की एकच प्रश्न, "परवानगी भेटली काय?"

मी तिला चिडवायची. "माइकची भेटून जाईन बाई, तुमच्या आवाजाची येगळी काढा लागते का इचारतो."

"इचार, इचार. तुह्यावाणी पाटलीण असल्यावर मले काय भेव हाय?"

परवानगी मिळाली. संध्याकाळी पाच ते रात्री दहा. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. प्रत्येक मंडळाला वीस मिनिटं धरली आणि पाहुण्यांच्या भाषणाला अर्धा तास, तरी नऊला बायांचा नंबर येत होता. मी बाईला सांगितलं, नऊ वाजता तुम्ही स्टेजवर, दोन भजनं आरामात होतात. तिनं ते 'नऊ' सगळ्या आळीत सांगून ठेवलं.

ठाण्याला त्या वर्षी नवे साहेब आलेले. मोठे कडक म्हणून ख्याती. एका गावात साडेदहाला गाणी चालू होती तर त्यांनी साउंडवाल्याचा अख्खा सेट उचलून जीपमध्ये टाकला होता. शांतता समितीच्या बैठकीत आम्हा पाटलांना म्हणाले, "दहा एकला माइक चालू दिसला तर मी आयोजकाला नाही, पाटलाला विचारीन." मी मान डोलावली. बाकीचे पाटील पुरुष. त्यांच्यात मी एकटी बाई, तेव्हा मी जरा जास्तच डोलावली.

स्पर्धेचा दिवस उगवला. पाच वाजता माइक लागला, मंडळं आली, सतरंज्या भरल्या, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. आमच्याकडे पाहुणा वेळेवर आला तर तो पाहुणा नाहीच, असं लोक समजतात. पाहुणे आले सातला. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, टाळ्या. शाल, श्रीफळ, फेटा, टाळ्या. ज्यानं सतरंज्या दिल्या त्याचा सत्कार, ज्यानं त्याला सतरंज्या द्यायला सांगितलं त्याचा सत्कार. प्रत्येक पाहुणा माइक हातात घेऊन म्हणायचा, "मी आपला जास्त वेळ घेणार नाही," आणि घ्यायचा.

भजनं सुरू व्हायला पावणेआठ वाजले. वीस मिनिटं झाली की घंटी वाजवायचं काम एका रिटायर गुरुजींकडे दिलेलं. ते इमानदारीनं वाजवायचे. पण भजनात रंगलेली माणसं घंटीलाही ताल समजली आणि दुप्पट जोरानं गायला लागली. मी कमिटीकडे गेले, म्हटलं, प्रत्येकाला दहाच मिनिटं द्या. दिली. मग एकच भजन म्हणा म्हटलं. तेही ऐकलं लोकांनी, नाही असं नाही. माझे पाय स्टेजच्या मागं-पुढं करून दुखायला लागले.

बाई आणि तिच्या सात जणी आठ वाजल्यापासून स्टेजच्या बाजूला तयार बसलेल्या. सगळ्यांची हिरवी लुगडी, डोक्यावर पदर, मांडीवर खंजऱ्या. मी जवळून गेले की बाई विचारायची, "आता?" मी म्हणायची, "आता येतेच." नऊ वाजून गेले तशी तिनं विचारणं सोडलं. नुसतीच माझ्याकडे पाहायची.

साडेनऊ झाले. एकच पाहुणं मंडळ राहिलं होतं, इंझोरीकडचं. त्यांचा म्हातारा गायक स्टेजवर चढला, बायांकडे पाहिलं आणि माइकवर म्हणाला, "आमचं एकच घेतो, अन् थे बी अर्ध. पोरीयले गाऊ द्या, कवाच्या बसून हायेत." पन्नाशीच्या बायांना पोरी म्हटल्यावर सगळं पटांगण हसलं. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. त्यानं खरंच पाच मिनिटांत आवरलं.

नऊ चाळीस. मी बायांना हात केला, उठा. आणि तेवढ्यात साहेबांची जीप पटांगणात शिरली.

आता साहेब आले म्हणजे सत्कार आला. माइकवरून घोषणा झाली, साहेबांना बळेच स्टेजवर नेलं, शाल-श्रीफळ झालं, आणि दोन शब्द बोला म्हणून माइक हातात दिला. साहेब बोलले ध्वनिप्रदूषणावर. मोठ्या आवाजानं म्हाताऱ्या माणसांना कसा त्रास होतो, लेकरांचा अभ्यास कसा बुडतो, जनावरं कशी बिथरतात, हे सगळं त्यांनी चार भोंग्यांतून, शेजारच्या गावालाही ऐकू जाईल असं, चौदा मिनिटं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "या गावाच्या पोलीस पाटील ताईंचं मला कौतुक वाटतं. अशी पाटील प्रत्येक गावात पाहिजे." टाळ्या पडल्या. मला वर बोलावलं. साहेबांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली.

खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. ग्रुपवरची ती एकेचाळीस तोंडं मला समोरच्या सतरंजीवर बसलेली दिसत होती, आणि आज ती टाळ्या वाजवत होती.

मी खाली उतरले तेव्हा दहाला दोन मिनिटं कमी होती. बाया लगबगीनं वर चढल्या. माइक पुरुषांच्या उंचीचा, तो साउंडवाल्यानं बाईसाठी खाली केला. पेटीवाली सूर शोधत होती. बाईनं गळा साफ करायला सहज खाकरलं, आणि ते खाकरणं चारी भोंग्यांतून निघून पार मारुतीच्या देवळापर्यंत गेलं. बाई दचकली. वर भोंग्याकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून लहान पोरीसारखी हसली. सगळं पटांगणही हसलं.

दहा वाजले.

मी साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभी. साहेब माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मी घड्याळाकडे पाहतेय हे त्यांनी पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, त्यांचं एखादं होऊन जाऊ द्या. माझ्या भाषणातच वेळ गेला त्यांचा. मी जीपमध्ये जाऊन बसतो. दहा-पंधरा मिनिटांत काही आभाळ कोसळत नाही."

हे साहेब म्हणाले. ज्यांनी अख्खा सेट जीपमध्ये टाकला होता ते साहेब!

आणि मी काय म्हटलं? खांद्यावर शाल, कानात टाळ्या. मी म्हटलं, "नाही साहेब. दहा म्हणजे दहा. त्यात ती माझी सख्खी जाऊ आहे, म्हणून तर नाहीच."

साहेबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "तुमची मर्जी," म्हणाले. साउंडवाला आमचं बोलणं ऐकत होता, तो म्हणाला, "ताई, खरंच बंद करू?" मी त्याच्यावरच खेकसले, "बंद कर म्हटलं ना!" त्यानं बटण दाबलं.

तोवर पेटीचा सूर लागला होता. बाईनं डोळे मिटले, खंजरीवर थाप दिली आणि तोंड उघडलं. भोंगे गप्प. तिनं डोळे उघडले, माइकला बोटानं टकटक केलं. "बंद पडला काय वं?" तिनं शेजारणीला विचारलं. मग तिची नजर जीपकडे गेली, साहेबांकडे गेली, माझ्याकडे आली, आणि तिला समजलं. म्हणजे, तिला वाटलं की समजलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, बिगर माइकचं होऊन जाऊ द्या!"

"बिगर माइकचं तं मी रोजच गातो," बाई म्हणाली. रागानं नाही, साधंच. तिनं खंजरी पिशवीत ठेवली, पदर सारखा केला आणि खाली उतरली. लोक सतरंज्या गुंडाळायला लागले होतेच.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर माझं नाव गाजत होतं. 'याले म्हणते पाटील', 'घरच्या माणसाले बी सोडलं नाई', अंगठे, हात जोडलेले, फुलं. यावेळी मी मोजली नाहीत. साहेब स्वतःच 'होऊन जाऊ द्या' म्हणाले होते, हे ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं. पुढच्या शांतता समितीच्या बैठकीत साहेबांनी सगळ्या पाटलांना तो प्रसंग उदाहरण म्हणून सांगितला. सांगताना ते हसत नव्हते, हे मला दिसलं. आमच्या गावचं तिथं दुसरं कोणी नव्हतं, तेवढंच माझं नशीब.

आणि बाई? बाई मला एक शब्द बोलली नाही. उलट त्या दिवसापासून तिनं साहेबांचा उद्धार सुरू केला. रस्त्यानं जीप दिसली की कडाकडा बोटं मोडायची. "मुडद्यानं सोता तोंड चालवलं अन् आमची येळ आली तं बटण दाबाले लावलं. याच्या घरी आया-बहिनी नाईत काय?" मी ऐकायची. दोन-तीनदा ओठांवर आलं, बाई, त्यांनी नाही, मी. पण त्याच वेळी चहा उतू जायचा, नाहीतर कोणी कागद घेऊन यायचं. साउंडवालाही कोणाजवळ बोलला नाही. त्याला पुढच्या परवानगीसाठी माझी सही लागणार होतीच. साहेबांची बदली झाली, ते गेले. बाईच्या शिव्या मागं राहिल्या, आणि मी त्या साहेबांच्या नावावर सुखानं जमा होऊ दिल्या.

पुढच्या साली स्पर्धेचा अर्ज आला तेव्हा मी कमिटीला बसवून सांगितलं, यंदा वेळ चारची टाका आणि पहिला नंबर आपल्या बायांचा. लोक म्हणाले, असं कसं, पाहुण्याच्या आधी घरचं मंडळ? रीत नाही. मी म्हटलं, रीत गेली चुलीत, नाहीतर अहवाल देत नाही. पहिल्यांदाच मी सहीचा धाक घातला. परवानगी निघाली. चार वाजता, लख्ख उजेडात, कोणाच्या बापाची मनाई नाही. मी तो कागद घेऊन जवळजवळ पळतच घरी आले.

बाई अंगणात तूर पाखडत बसलेली. मी कागद तिच्यासमोर धरला. "बाई, पह्यला नंबर तुमचा. पाहुण्याईच्या बी पह्यले."

तिनं कागदाकडे पाहिलं, शिक्क्यावर बोट फिरवलं. "बरं केलं," म्हणाली. मग सूप खाली ठेवलं. "पण आता कोन गाते वं? पेटीवाली पोराकडे पुण्याले गेली, थ्या दोघीचे गुडघे गेले. अन् माह्या गळ्यात आता दम नाई राह्यला. दिवाळीपासून खोकला हाय, तुले तं ठावूकच हाय. चुलीपाशी गुणगुणतो तेवढंच."

"येखादं तरी गा ना बाई. एकटीच गा."

"नाई. तवा लागला असता आवाज. तवा मस्त लागला होता." ती भजनाबद्दल नव्हे, पिकाबद्दल बोलावं तशी बोलली. "आता नाई."

मला तिथंच रडू फुटलं. अंगणात, कागद हातात, भर दुपारी. बाई घाबरून उठली, हातावरचा भुसा लुगड्याला पुसला आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"येडी हाय काय तू? तू काहून रडून राह्यली? थ्या सायबाचं पाप तू कायले आपल्या डोक्शावर घेऊन राह्यली? तुह्या हातात असतं, तं तू मले गाऊ नसतं देलं काय?"

तिनं हे विचारलं खरं, पण ती उत्तराची वाट पाहत नव्हती. तिला उत्तर पक्कं माहीत होतं.

"देलं असतं ना, बाई," मी म्हटलं.